घरी कोण राहणार?

लेकरांना घेऊन तीन-चार रात्री घराबाहेर, उघड्यावर काढायच्या असं ठरलं की आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुच्या आमच्या घरात पहिला प्रश्न सामानाचा नसे. घरी कोण राहणार, हा असे. गोठ्यात दूधदुभतं, मधल्या खोलीत आढ्याला टेकलेला कापूस, अंगणात वाळत घातलेली तूर, आणि शेतात अजून एक वेचणी शिल्लक. कापसाच्या खोलीत चिमणी न्यायची नाही, बिडी ओढून कुणी त्या बाजूला फिरकायचं नाही, इतका त्या खोलीचा धाक. ती खोली भरलेली असताना घराला कुलूप लावून सगळ्यांनी निघून जायचं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं. कुलूप लावून सहकुटुंब निघणारी माणसं आम्ही पुढे नोकरीनिमित्त शहरात गेल्यावर पाहिली.

हे सगळं साधारण १९७५ ते १९८५ या काळातलं. आम्ही चुलत-आत्ये भावंडं मिळून डझनभर. आता कुणी आदिलाबादेत, कुणी नांदेडला, कुणी नागपूर-हैदराबादला. लग्नाकार्यात एकत्र आलो की गप्पा फिरून उनकेश्वरच्या बंडीवर येतात, आणि पाच मिनिटांत भांडण सुरू होतं. कारण एकाला आठवतं ते दुसऱ्याला साफ नामंजूर. बंडीला लाल बैल जुंपले होते की पांढरे, इथपासून वाद. पुढे लिहिलंय ते बहुमताने ठरलेलं आहे, एवढंच समजा.

उनकेश्वर किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. महादेवाचं देऊळ आणि गंधकाच्या वासाची गरम पाण्याची कुंडं. शरभंग ऋषींच्या अंगावर रोग उठला, रामाने बाण मारून जमिनीतून गरम पाणी काढलं आणि त्या पाण्याने ऋषी बरे झाले, अशी कथा. कातडीच्या दुखण्यासाठी माणसं तिथे लांबून येत. आमच्यापैकी निम्म्यांना हिवाळ्यात खरूज-नायटे व्हायचे, त्यामुळे कथेवर आयाबायांचा विश्वास पक्का होता. बंडीने निघालं तर आमच्याकडून एका लांबलचक दिवसाची वाट. माहूर त्याहून कितीतरी पुढे, तीन-चार दिवसांवर. म्हणून घरातला रिवाज असा की लेकरांची पहिली खेप उनकेश्वरची. तिथे जी टिकतील ती पुढे कधीतरी माहूरला, रेणुकामायच्या नवसाला. ज्यांचं जावळ माहूरला काढायचं बोललेलं असे ती तान्ही लेकरं तेवढी परीक्षा न देताच पुढे सरकत.

आबा, म्हणजे आमचे आजोबा, सांगत की त्यांच्या तरुणपणी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. माहूरला जाऊन आलो तरी जिल्ह्याबाहेर पाऊल पडलेलं नसे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके, आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ, एवढा तुकडा आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेला आणि आम्ही आंध्र प्रदेशात आलो. मोठ्यांना त्याचं जे काय वाटलं असेल ते असो. आम्हा लेकरांना सरहद्द कळली ती शाळेच्या सुट्ट्यांमुळे. आमच्याकडे संक्रांतीची चांगली लांब सुट्टी, आणि किनवटच्या मामेभावांना जेमतेम सणाचा दिवस. बंडी त्यांच्या मुलखात जायची, आणि ते बिचारे शाळेत. याचा आम्हाला जो आनंद व्हायचा तो सांगण्यासारखा नाही.

म्हणून मुहूर्त संक्रांतीचा. भोगीच्या पहाटे निघायचं, दुपारी वाटेत एखाद्या नाल्याकाठी भोगीची भाजी शिजवायची, दिवस बुडताना पोचायचं. संक्रांतीला सकाळी तिळाचं उटणं लावून कुंडात आंघोळ. दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी प्रवास नको. तेलुगू शेजाऱ्यांकडे त्याच दिवशी कनुमा, आणि कनुमाला कावळासुद्धा जागचा हलत नाही अशी त्यांच्यात म्हण. दोन भाषांमधली शास्त्रं एकाच दिवसावर एकमत झालेली पाहून आबा खूश असत. बैलांना एक दिवस पूर्ण आराम मिळतो, हे त्यांचं खरं कारण. म्हणजे जाताना एक दिवस, तिथे दोन, येताना एक.

रेल्वे होती. आदिलाबादहून निघून कोसई, अंबाडीवरून किनवटकडे जाणारी मीटरगेजची गाडी आमच्या बाजूनेच जायची, तिची शिट्टी रानात ऐकू यायची. एसटीही होती. मग बंडी कशाला, असं आमची मुलं विचारतात. एक तर एवढ्या माणसांची तिकिटं काढण्याइतके रोख पैसे कापूस विकला जाण्याआधी घरात नसत. दुसरं, एसटी तुम्हाला सोडून निघून जाते. बंडी तिथे थांबते. रात्री तीच घर. खाली बापे झोपत, वर बायका-लेकरं, बाजूला बैल. जळण तिच्यातच, धान्य तिच्यातच. जिथे पोचायचं तिथे ना धर्मशाळेत जागेची खात्री, ना हॉटेल.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू होई ती चाकांपासून. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आटतं, आरे खिळखिळे होतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. तसंच दगडी वाटेला नेलं तर धाव उतरून पडायची भीती. म्हणून चाकं काढून नाल्यातल्या डोहात बुडवून ठेवायची, लाकूड फुगलं की धाव घट्ट बसते. फारच सैल असेल तर लोहाराकडे. तो धाव निखाऱ्यात लाल करून चढवी, वरून पाणी ओतलं की वाफेचा लोट उठे आणि चाक करकचून आवळलं जाई. ते बघायला आम्ही शाळा बुडवत असू. मग कण्याला वंगण. बांबूच्या नळकांड्यात भरलेलं काळं वंगण बंडीखाली टांगलेलं असे, आणि प्रवासात कुठल्या ना कुठल्या लेकराचा सदरा त्याला लागून कायमचा वाया जाई. बैलांना नाल ठोकून घ्यायचे, शिंगं घासायची. त्यांच्या वाटचा कडबा, ढेप, भिजवायला सरकी. त्यांचं ओझं आमच्या खाण्यापिण्याच्या तिप्पट भरे.

“आधी बैलाचं पाह्य, मंग माणसाचं,” हे आबांचं वाक्य. माणूस उपाशी बसला तरी घरी येतो, बैल बसला तर सगळेच बसले.

घरातल्या बाप्यांना उघड्यावरच्या मुक्कामाची सवय होती, हे इथे सांगायला हवं. आदिलाबादला कापूस विकायला नेला की मार्केटात बंड्यांची रांग लागे आणि नंबर यायला एक-दोन रात्री सहज जात. बापू, म्हणजे आमचे वडील, आणि काका तिथे बंडीखाली पोत्यावर झोपत, तीन दगडांवर चहा करत, थंडीत शेकोट्या पेटवून गप्पा मारत. आदिलाबादची थंडी म्हणजे काय ते हैदराबादवाल्यांना सांगून कळत नाही. आजही तेलंगणातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा आमच्याच जिल्ह्यात नोंदलं जातं. तर बाप्यांच्या लेखी मुक्काम म्हणजे एक घोंगडी, एक काडेपेटी आणि बिडीबंडल. आई-काकूंनी काढलेली यादी ऐकून ते हसत. आणि रात्री लेकरू ओलं झालं, दुसऱ्याचा कान ठणकला, तिसऱ्याला ओकारी झाली की हसणारे घोंगडीत तोंड घालून झोपलेले असत.

ती यादी कागदावर नव्हती. बंडीच्या साटीवर आधी कडब्याचा जाड थर, त्यावर पोती, त्यावर वाकळा. तट्ट्यांचं छत, आणि दवासाठी वरून ताडपत्री. माणशी एक पांघरूण असा हिशेब कधीच नसे; तीन लेकरांत एक गोधडी, आणि मधल्याला नशीबवान समजायचं. लोकरीच्या कानटोप्या. पाण्यासाठी कापडी छागल, ती बंडीच्या बाजूला वाऱ्याला टांगली की पाणी गार राहतं. शिवाय दोन कळशा, तोंडाला फडकं बांधलेल्या. कंदील, घासलेटची बाटली, आणि ती बाटली पिठाच्या पोत्यापासून लांब. सेलची बॅटरी एकच, ती काकांच्या उशाशी. काटा काढायचा चिमटा आणि सुई, कारण त्या वाटेला बाभळी आणि आमच्यापैकी बरेच अनवाणी. औषधांची पुरचुंडी वेगळी: ओवा, सुंठ, हिंग, वेखंड, हळद, निलगिरीचं तेल. तान्ह्यासाठी उगाळायची सहाण. दोरी, अजून थोडी दोरी, कोयता.

खाण्याचं मात्र दोन भागांत. वाटेवर हातावर घेऊन खायचं ते आदल्या रात्री तयार होई: दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे-फुटाणे, तिळगूळ. रात्रभर तवा चुलीवरून उतरत नसे. त्यात पलीकडच्या तेलुगू घरातून सकिनालूंचा डबा येई. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून हाताने वळलेली कडी, संक्रांतीला त्यांच्या घरोघर होतात. कुरकुरीत, तिखटजाळ नाही, आणि आठवडाभर टिकतात. लेकरांच्या प्रवासाला याहून चांगला खाऊ मला अजून माहीत नाही. आमच्याकडून त्यांच्या घरी तिळगूळ आणि भोगीच्या भाजीचं सामान जाई. कोणी कोणाला रेसिपी विचारली नाही. आमच्या घरात सकिनालू करायला शिकणारी पहिली सून गेल्या दहा वर्षांत आली.

दुसरा भाग मुक्कामावर शिजवायचा. तिथे रोडगे. गव्हाचं रवाळ पीठ, गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पानांच्या पत्रावळी जागच्या जागी. रोडग्यांचं काम बाप्यांचं, हा एक नियम मात्र सगळ्या आया कसोशीने पाळायला लावत. वर्षातून तेवढ्या एका वेळी बापू आमच्यासाठी रांधताना दिसले. थोडे करपत, थोडे आतून कच्चे राहत. सगळे संपत.

माझ्या मते खरी तयारी याआधीच झालेली असे, आणि तिला कुणी तयारी म्हणत नसे. मार्गशीर्षात ज्वारीचं खळं चालू असताना राखणीला आबा खळ्यावर झोपत. ज्या लेकराला यंदा पहिल्यांदा बंडीत न्यायचं, त्याला त्या आधी एक-दोन रात्री आबांसोबत खळ्यावर धाडायचं. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला अंथरूण, समोर शेकोटी, वर सगळं आभाळ. कोल्हे ओरडत. रानडुकरं शेजारच्या वावरात शिरली की कुणीतरी डबा बडवी. आबा फार काही शिकवत नसत. लघवीला लागली तर उठव, अनवाणी उठू नको, काठी आपटत चाल, विस्तवाशी खेळायचं नाही, आणि भीती वाटली तर बोल. गप्प राहिलास तर मला कळणार कसं? एवढंच. सकाळी घरी आल्यावर आजी लेकराचं तोंड बघूनच ठरवी. जे रात्रीतून रडत घरी परतलं त्याची बंडी एक वर्ष पुढे. आमच्यातलं कोण असं परतलं होतं, या मुद्द्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. सध्या नांदेडला मोठ्या पदावर असलेल्या एका भावाचं नाव बहुमताने पक्कं आहे. त्याला ते मान्य नाही.

आबांच्या मते मुक्काम कसा करावा हे शिकायचं तर मेसराम गोंडांकडून. संक्रांत झाली की पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातली माणसं त्याआधी जन्नारमजवळच्या हस्तलमडुगूपर्यंत पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, आणि कुटुंबंच्या कुटुंबं बंड्या घेऊन केस्लापूरला वडांखाली उतरतात. माणसं हजारोंनी, पण कुळाच्या रांधणाऱ्या बायकांच्या चुली २२ च. पाळीपाळीने त्याच चुलींवर सगळ्यांचं. आबा एकदा ते बघून आले आणि घरी सांगू लागले की तिथे कोण कुठे बंडी सोडणार, कोण पाणी आणणार, कोण चूल पेटवणार हे बोलावं लागत नाही. यावर आजी म्हणाली होती, “आपल्या इथंबी बोला लागत नाही. बायाच करतात.” हे वाक्य मात्र डझनभर भावंडांना एकसारखं आठवतं.

भोगीची पहाट. साडेतीनला उठवलेली लेकरं, अर्धी झोपेतच बंडीत कोंबलेली. डोळ्यांत काजळ, गालाला तीट. कडब्याचा वास. पहिले दोन तास अंधारात फक्त घुंगरं आणि धावेचा दगडावरचा खडखडाट. उजाडल्यावर सगळ्यांना खाली उतरून चालायचं असतं आणि अर्ध्या तासात सगळ्यांना पुन्हा वर चढायचं असतं. चढ आला की काका ओरडत, उतरा रे, बैलाले ओढू द्या. सागाची पानगळ सुरू झालेली, पावलागणिक कुरकुर. नाल्याकाठी बंडी सुटली की बायका तीन दगड मांडून भोगीच्या भाजीला लागत. वांगी, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजरं, वरून तीळ. वाटेतलं एवढं पुरे. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं घडतच नसे, आणि तेच चांगल्या तयारीचं लक्षण होतं.

कुंडात उतरल्यावर मात्र लेकरं बाहेर निघायला तयार नसत. जन्मापासून हिवाळ्यात तांब्याभर कोमट पाण्यात उरकलेली ती आंघोळ, आणि इथे जमिनीतूनच एवढं गरम पाणी, कुणी तापवायला नको, कुणी ‘पुरे’ म्हणायला नको. त्या पाण्याचा उग्र वास दोन दिवस केसांना येई. आमची खरूज त्याने बरी होई की चार दिवस रोज अंग घासून धुतल्याने, हे मी आता डॉक्टर झालेल्या बहिणीला विचारत नाही.

ही वाट आज तशी राहिलेली नाही. तलमडुगुत बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्याही टायरच्या बंड्यांना. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरला १९९७ मध्ये अभयारण्य झालं, तिथले वाघ वाढले, आणि अलीकडच्या वर्षांत ते नदी ओलांडून भीमपूर, तांसी, तलमडुगु या मंडळांत शिरतात. आबांच्या गोष्टींतले वाघ आमच्या लहानपणी गोष्टींतच होते. आता कापूस वेचणाऱ्या बायांना शेतात एकटं जाऊ नका म्हणून सांगितलं जातं. त्या नाल्याकाठी लेकरांना घेऊन रात्र काढा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

म्हणून पुढच्या पिढीची उघड्यावरची पहिली रात्र दुसरीकडे होते. हैदराबादचा पुतण्या गेल्या हिवाळ्यात बायको आणि दोन लेकरांना घेऊन अनंतगिरीला तंबूत राहायला गेला. जाण्याआधी त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, “काकू, तुम्ही तर लहानपणी असं पुष्कळ राहिलाय, आणखी काय घेऊ?” तिची यादी माझ्यापेक्षा चांगली होती. झोपायच्या पिशव्या, डोक्याला बांधायचे दिवे, डासांचं मलम, ताप मोजायचं यंत्र, पॉवर बँक. मी दोनच गोष्टी सांगितल्या. दोरी जास्त घे. आणि जायच्या आधी एक रात्र लेकरांना गच्चीवर त्याच तंबूत झोपव. तिने दोन्ही केलं. धाकटा रात्री दीडला रडत खाली आला म्हणे. तरी ते गेले; आजीइतकं कडक आता कुणी राहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे. बोलता बोलता मी सवयीने विचारून गेले, “मग घरी कोण राहणार?” तिला प्रश्नच कळला नाही. “घरी? कुणी नाही. का?”

आमच्या घरी आत्या राहायची.

हे आम्ही भावंडं एकमेकांशी बोलायला फार उशिरा लागलो. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. पंधरा दिवसांची ती सगळी तयारी मुळात तिची. दशम्या तिच्या हातच्या, औषधांची पुरचुंडी तिने बांधलेली, कुठल्या लेकराला कशाने ओकारी होते हे तिला त्याच्या आईपेक्षा जास्त माहीत. पहाटे बंडी निघण्याआधी ती कंदील धरून भांडी मोजून देई: पातेली इतकी, ताटं इतकी, पेले, पळ्या, उलथनं, विळी. “मोजून देऊन राह्यले, मोजून घेईन.” आणि बंडी वेशीकडे वळली की ती माघारी गोठ्यात. दर वर्षी राहणारा ठरवताना घरात थोडी चर्चा होई खरी. कुणी म्हणे सालदार बघेल, कुणी म्हणे धाकटी काकू राहील, तिचे दिवस भरत आले आहेत. पण ती चर्चा रिवाजापुरती. संक्रांत सवाष्णींचा सण. सुगडं, वाण, हळदीकुंकू. त्यात तिचं काय, असं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. आम्हा लेकरांची तर खात्री होती की आत्याला गाईंशिवाय करमत नाही. तसं आम्हाला सांगितलं होतं, आणि ते आम्हाला सोयीचं होतं.

त्या प्रवासांच्या गोडव्यात मला पुढे हे टोचत राहिलं. आमच्या आया तीन रात्री घराबाहेर पडत, पण चूल त्यांच्या बरोबर येई. आणि जिने चूल त्यांच्या बरोबर बांधून दिली तिला आभाळाखालची एक रात्र मिळाली नाही. जुने दिवस एकत्र कुटुंबाचे म्हणून जे कौतुक आम्ही करतो, त्यात कुणाच्या जिवावर सगळे एकत्र निघू शकत होते, हे विचारून घ्यावं.

एका वर्षी आबांनी ते बदललं. का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एक म्हणते आजीने त्यांना ऐकवलं. दुसरा म्हणतो त्यांचे गुडघे दुखत होते, बंडीचे हादरे सोसत नव्हते. भोगीच्या आदल्या रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, “यंदा मी राह्यतो. तू जाय.” आत्या म्हणाली, गाय माझ्याशिवाय पान्हा सोडत नाही. आबा म्हणाले, सोडंन. आजीने तिची दोन लुगडी स्वतः बोचक्यात बांधली.

पहाटे आत्या बंडीत चढली आणि वेशीपर्यंत मागे वळून आबांना सूचना देत राहिली. ढेप कुठल्या पोत्यात, मांजर कुठून शिरतं, कापसाच्या खोलीची कडी कशी अडकते. वेस ओलांडल्यावर तिचा आवाज बंद झाला. दुपारी नाल्याकाठी तिने भाजी करायला हात लावला नाही. एका दगडावर बसून पाण्यात पाय सोडले, आणि आईने पहिल्यांदाच तिला आयतं वाढलं. रात्री ती बंडीत न झोपता बाप्यांच्या शेकोटीजवळ बसली आणि आम्हा लेकरांना कुठले कुठले उखाणे घातले. तिला इतके येत होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. संक्रांतीच्या सकाळी बायकांच्या कुंडात ती उतरली, आणि आईचं म्हणणं असं की सगळ्या जणी निघून, लुगडी वाळवून, रोडग्यांचं पीठ मळून झालं तरी ही पाण्यातच. हाका मारल्या तर म्हणे, या पुढं, येते.

परत आलो तेव्हा आबांनी कापसाची खोली, गोठा, तूर सगळं जसंच्या तसं ताब्यात दिलं. गाईने म्हणे दुसऱ्या दिवसापासून पान्हा सोडला होता. भांडी उतरवली तर मोठी पितळी पळी नव्हती. इतक्या वर्षांत एक चमचासुद्धा कधी कमी झाला नव्हता. काका म्हणाले नाल्यावर राहिली. आईचा संशय रोडग्यांच्या राखेवर. नांदेडवाला भाऊ आजही म्हणतो की ती मी पैनगंगेत गोटे उकरायला नेली होती, आणि मी म्हणते तो. त्या वर्षी खेपेचं एकूण एक भांडं आजीच्या हातून निघालं, पण येताना मोजायचं काम आत्याचंच होतं. म्हणून आजीने तिला विचारलं, नदीकाठावरून निघताना पळी होती का?

“मी मोजलंच नाही,” आत्या म्हणाली, आणि गाईकडे गेली.